डीजीची डिझेल लाइन बदलताना आमच्या सोसायटीला कसं फसवलं, पैसे देण्याआधी पाइपचं आतलं माप घ्या

मंडळी, जरा मोठं होईल पण शेवटपर्यंत वाचा, खास करून जे सोसायटीच्या कमिटीत आहेत त्यांनी. ठाण्यात घोडबंदर रोडला आमची सोसायटी आहे, दोन विंग, दोन्हीकडे लिफ्ट आणि १२५ केव्हीएचा डिझेल जनरेटर, म्हणजे डीजी. त्याची डिझेलची लाइन बदलायच्या कामात एका व्हेंडरने आम्हाला दोनदा फसवलं, आधी लहान पाइप टाकून आणि मग त्या पाइपमुळे जो त्रास झाला त्यावर न केलेल्या कामाचं बिल लावून. मी खजिनदार आहे, सगळे कागद माझ्या हातून गेलेत, त्यामुळे हे लिहितेय ते फाइल समोर ठेवूनच. नाव देत नाही कारण प्रकरण वकिलांकडे आहे.

झालं असं की डीजीच्या खालचा बेस टँक गंजून झिरपायला लागला. पावसाळ्यात झाकणातून पाणी जायचं, तळाला साचायचं, आतून पत्रा खाल्ला गेला. त्या जागी नवीन टँक बसत नव्हता म्हणून कंपाउंडच्या भिंतीकडेला वेगळा टँक ठेवायचा ठरला, म्हणजे इंजिनपासून पंधरा-सोळा मीटर लांब आणि थोडा खालच्या लेव्हलला. म्हणजे जायची लाइन आणि यायची लाइन, दोन्ही नवीन. इंजिनच्या मॅन्युअलमध्ये एवढ्या अंतराला सप्लाय लाइन किमान अर्धा इंच आतला व्यास लिहिलाय, म्हणून वर्क ऑर्डरमध्ये मी तेच शब्द टाकले, "अर्धा इंच आतला व्यास, डिझेल ग्रेड होज" (होज म्हणजे लवचीक रबरी पाइप). दोन्ही लाइन, फिटिंग, लेबर सगळं मिळून ३८,५०० अधिक जीएसटी.

काम झाल्यावर त्यांच्या माणसाने व्हर्निअर, म्हणजे व्यास मोजायचं साधन, काढून पाइपला बाहेरून लावला आणि दाखवलं, बघा मॅडम, तेरा मिलिमीटर, अर्ध्या इंचाच्या वरच आहे. मग डीजी चालू करून दाखवला, दहा मिनिटं मस्त चालला, धूर नाही काही नाही, चेअरमननी सही केली. पण ते दहा मिनिटं लोड शून्य होता. नो लोडवर इंजिनाला डिझेल लागतंच किती, तेवढं कुठल्याही पाइपमधून येतं. आमच्या साइझचा डीजी फुल लोडला तासाला २५ ते २८ लिटर डिझेल खातो, आणि बऱ्याच इंजिनांत पंप त्याच्या दुप्पट-तिप्पट डिझेल ओढतो, जळतं तेवढं जळतं आणि बाकीचं पंप-इंजेक्टर थंड ठेवून रिटर्नने टँकमध्ये परत जातं. त्यामुळे लाइनचं माप हे जळणाऱ्या डिझेलवर नाही तर ओढल्या जाणाऱ्या सगळ्या डिझेलवर काढायचं असतं.

खरा प्रकार लाइट गेल्यावर कळला. महावितरणची लाइट गेली, डीजीने लोड घेतला, वीसेक मिनिटं बरा चालला आणि मग आवाज बसायला लागला. पॅनलवर फ्रिक्वेन्सी ५० वरून ४६ वर आली आणि ट्रिप. बी विंगची लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये, आत सत्तरीच्या एक आजी आणि त्यांचा नातू. वॉचमनने हाताने लिफ्ट खाली आणून दार उघडेपर्यंत आजींचा बीपी वाढलेला. हे नंतरही होत राहिलं, थंड असताना चालणार, तापला की बसणार.

व्हेंडरला बोलावलं तर तो म्हणाला लाइन नवीन आहे, तिचा प्रश्नच येत नाही, तुमचा फ्युएल पंप गेलाय, कॅलिब्रेशन, म्हणजे पंप तपासून पुन्हा जुळवून घेणं, करावं लागेल, इंजेक्टरचे नोझलही बदलावे लागतील. ७१,००० चं एस्टिमेट. मी विचारलं की लाइन बदलायच्या आधी वर्षानुवर्षं हाच पंप नीट चालत होता मग आता अचानक कसा गेला, तर उत्तर आलं, "मॅडम, हे टेक्निकल आहे, तुम्ही त्यात पडू नका." त्यांची माणसं आली, कॅनॉपी, म्हणजे डीजीवरचं पत्र्याचं आवरण, बंद करून काम केलं, वॉचमनला गोणीत काहीतरी घालून नेताना दिसले, दोन दिवसांनी परत आणलं, कॅलिब्रेशन रिपोर्ट दिला, बिल घेतलं. चार दिवस बरं वाटलं कारण लाइटच गेली नव्हती. गेली तेव्हा पुन्हा तेच.

आता ज्यांच्यामुळे हे सगळं उघड झालं त्या काकांबद्दल. आमच्या ए विंगमध्ये एका वहिनींचे वडील राहायला आले होते, एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर डिझेल इंजिनावर काम केलेले. ते खाली फिरायला आले होते, मी आणि सेक्रेटरी डीजीजवळ उभे होतो, त्यांनी फक्त एक विचारलं, "ताई, ह्या पाइपला आतून कोणी मोजलंय का?"

नाही मोजलं, सगळ्यांनी बाहेरून मोजलं. त्यांनी टँककडची क्लिप सोडली, सेक्रेटरींच्या टूलबॉक्समधून ड्रिल बिट मागवले आणि बिटाची मागची गुळगुळीत बाजू पाइपच्या तोंडात घालून बघितली. बारा मिलिमीटरचा बिट तोंडावरच अडला. दहाचाही गेला नाही. आठचा बरोबर घट्ट बसला. म्हणजे पाइप बाहेरून तेरा, आतून आठ. बाजारात आठ बाय तेरा हे अगदी कॉमन माप आहे, काकांनी तेव्हाच सांगितलं, आणि नेमकं तेच अर्धा इंच म्हणून आमच्या गळ्यात मारलं होतं.

हे नीट समजून घ्या कारण फसवायची जागा इथेच आहे. रबरी होज नेहमी आतल्या व्यासावर विकला जातो. डॅश नंबर (होजवर छापलेला साइझचा आकडा) लिहिलेला असेल तर तो बहुतेक हायड्रॉलिक होजवर इंचाच्या सोळाव्या भागात असतो, डॅश सहा म्हणजे पाव आणि अर्ध्याच्या मधला, तीन अष्टमांश इंच, आणि डॅश आठ म्हणजे अर्धा इंच, आतून. तांब्याची किंवा स्टीलची ट्यूब मात्र बाहेरच्या व्यासावर विकतात, १२ मिमीची ट्यूब जाडी १ मिमी असेल तर आतून १० च भरते. आणि प्लंबिंगचा जो पाइप असतो, पंधरा एनबी (नॉमिनल बोअर) वगैरे, त्याचा आकडा नुसता नावाचा, अर्धा इंच म्हणतात तो बाहेरून २१ मिमीच्या वर असतो. तीन वस्तू, तीन पद्धती, आणि "अर्धा इंच" एवढंच लिहिलं की त्यातली सोयीची पद्धत पकडून कमी माल देता येतो.

आठ मिमी आणि अर्धा इंच म्हणजे जवळपास पावणेतेरा मिमी, यात फरक किती पडतो असं वाटेल. क्षेत्रफळ अडीचपट. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाइपमधून डिझेल संथ वाहत असतं तेव्हा अडथळा व्यासाच्या चौथ्या घातावर बदलतो, म्हणजे तेवढंच डिझेल आणायला आठच्या पाइपमध्ये सहा पटीहून जास्त ओढ लागते. टँक खाली, अंतर पंधरा-सोळा मीटर, वर फिल्टर, एल्बो, आणि ओढणारा इंजिनवरचा छोटासा लिफ्ट पंप (टँकमधून डिझेल वर ओढणारा, इमारतीच्या लिफ्टचा नाही). तो ओढून ओढून किती ओढणार?

शिवाय तो होज पातळ भिंतीचा होता, आत ना वायर ना ब्रेडिंग, म्हणजे विणलेली जाळी. काकांनी मला कॅनॉपीच्या आतला वळणाचा भाग हाताने दाबायला लावला. इंजिन तापलेलं होतं, पाइप मऊ पडलेला, वळणावर चपटा झालेला हाताला सरळ कळत होता. शहाळ्यातली स्ट्रॉ जोरात ओढली की आतल्या आत चिकटते ना, तसं. म्हणून थंड असताना चालायचं आणि वीस मिनिटांनी बसायचं. होजवर छापील काहीच नव्हतं, ना साइझ ना स्टँडर्ड ना तारीख. चांगल्या फ्युएल होजवर मीटरभर अंतराने हे छापलेलं असतं, पुसट का होईना.

अजून एक गोष्ट ते बोलले ती मला फार महत्त्वाची वाटते. टँक खाली असेल तर सप्लाय लाइनची क्लिप सैल असली तरी डिझेल गळत नाही, उलट तिथून हवा आत ओढली जाते. म्हणजे खाली एक थेंब दिसणार नाही आणि इंजिन मात्र हवा खाणार. गळती नाही म्हणजे लाइन ठीक, हे व्हेंडर आम्हाला सारखं ऐकवत होता. टँकजवळचे एल्बो आणि निपल (पाइप जोडायचे तुकडे) जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे, लावले होते, तेही चुकीचं. डिझेलला जस्त चालत नाही, त्याचा गाळ तयार होऊन फिल्टरात आणि इंजेक्टरच्या तोंडाशी बसतो, तांब्यानेही डिझेल लवकर खराब होतं. साधं काळं लोखंड किंवा स्टेनलेस हवं.

मग काकांनी पंप निर्दोष आहे का ते बघायची पद्धत दाखवली. २० लिटरचा कॅन डिझेलने भरून इंजिनशेजारी उंचावर ठेवला, आखूड जाड होजने सप्लाय त्यातून घेतला आणि रिटर्नही त्यातच सोडला, टँकची लाइन पूर्ण बाजूला. दोन्ही लिफ्ट, पाण्याचा पंप, सगळा लोड टाकला. अर्धा तास फ्रिक्वेन्सीचा काटा ५० वरून हलला नाही. परत येणारं डिझेल गरम असतं, छोटा कॅन तापतो, म्हणून जास्त वेळ चालवू नका आणि जाणकार माणूस उभा असल्याशिवाय करूच नका, पण पंप बदला म्हणून कोणी सांगितलं तर ही टेस्ट आधी करून मागा. लाखाचं बिल वाचू शकतं.

आणि पंपाचं म्हणाल तर तो कधी उघडलाच नव्हता. बसवायच्या बोल्टांवर कंपनीचा मूळ रंग तसाच, कुठे स्पॅनर लागल्याची खूण नाही, सांध्यावर वर्षांची तेलकट धूळ. पंपावरचं सीलही जुनंच. कॅलिब्रेशन करताना सील तोडावंच लागतं आणि नंतर नवीन लागतं. मी घरी येऊन रिपोर्ट काढला आणि त्यावरचा पंपाचा सिरिअल नंबर प्लेटवरच्या नंबरशी जुळवला, जुळला नाही. कुठल्यातरी दुसऱ्याच पंपाचा रिपोर्ट आमच्या फाइलला लावला होता. गोणीत काय नेलं देव जाणे. ७१,००० रुपये, लोकांच्या मेंटेनन्सचे, त्यात पेन्शनवर जगणारी माणसं आहेत. मला त्या रात्री झोप लागली नाही.

नवीन होज आम्ही वागळे इस्टेटमधून स्वतः आणला, काकांना बरोबर घेऊन. दुकानात तोंड कापून आतून मोजून घेतला, अर्धा इंच, आत वायरचं वेटोळं असलेला, वरती छापील मार्किंग. रिटर्नलाही तोच, कारण रिटर्न बारीक केला तर मागे दाब साचतो. एवढ्यावरून मोठा पाइप टाकला की झालं असं समजू नका, फार मोठा टाकला तर एअर काढायलाच वेळ लागतो आणि बंद राहिल्यावर स्टार्टिंगला त्रास होतो, मॅन्युअलमध्ये अंतराप्रमाणे जे लिहिलंय तेच घ्या. तेव्हापासून डीजी पूर्ण लोडवर दोन-दोन तास चालतो.

गाडीवाल्यांनाही हे लागू आहे, काकांनी जाता जाता सांगितलं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीच्या लाइनमध्ये साधारण ३ बार दाब असतो, जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, आणि दोन्हीचे होज काउंटरवर सारखेच दिसतात. एसएई जे ३० या फ्युएल होजच्या स्टँडर्डमधला आर ७ लिहिलेला कार्बोरेटरचा, आर ९ लिहिलेला इंजेक्शनचा. काहीच न लिहिलेला स्वस्त होज गरम इंजिनावर पेट्रोलसाठी लावू देऊ नका, त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतंय आणि साध्या रबराला ते सोसत नाही.

व्हेंडरला पहिल्यांदा फोन केला तेव्हा म्हणाला बघतो, मग फोन उचलणं बंद. वकिलांची नोटीस गेली, तिला उत्तर आलं की बिलातला आकडा बाहेरच्या व्यासाचा आहे. आमच्या वर्क ऑर्डरमध्ये आतला व्यास असे शब्द आहेत आणि त्यावर त्यांची सही-शिक्का आहे, म्हणून वकील म्हणतात केस पक्की आहे. काढलेल्या होजचे तुकडे, मोजतानाचा व्हिडिओ, प्लेटचा फोटो, बोल्टांचे फोटो, सगळं तारीख टाकून, पाच मेंबरांच्या सह्या घेऊन ठेवलंय. जुना माल व्हेंडरला परत नेऊ देऊ नका, आमच्याकडून तो भंगार म्हणून न्यायला दोनदा माणूस पाठवला होता, वॉचमनने दिला नाही म्हणून वाचलो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यक्ती या शब्दात सहकारी संस्थाही धरलीय, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि सुरुवातीला १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करता येते, ती आम्ही केली. आता ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होतेय, दोन्ही बिलांचे पूर्ण पैसे आणि नवीन लाइनचा खर्च मागितलाय.