हनुवटीचे माप : कॅलिपर, छायाचित्र की सेफॅलोग्राम?

हनुवटी मागे गेली आहे किंवा चेहरा खालून लांबट दिसतो, अशी तक्रार घेऊन सांगली-मिरजेच्या दवाखान्यांत येणाऱ्या तरुणांपुढे फिलर (कातडीखाली टोचून भरायचे द्रव्य), दातांच्या तारा आणि जबड्याची शस्त्रक्रिया असे तिन्ही पर्याय एकदमच मांडले जातात. पण ज्या मापांवरून निवड करायची ती कशाने आणि कशी घेतली, हे क्वचितच कोणी विचारते. दात-जबड्यांच्या व्यंगांवर उपचार करताना मला हाच प्रश्न सर्वांत आधीचा वाटतो.

कॅलिपर, म्हणजे दोन बिंदूंमधले अंतर मोजणारे चिमट्यासारखे साधन, सर्वांत स्वस्त, आणि त्यात क्ष-किरणांचा संबंधच येत नाही. भुवयांमधल्या उंचवट्यापासून नाकाखालच्या बिंदूपर्यंतचे अंतर आणि तेथून हनुवटीच्या तळापर्यंतचे अंतर साधारण सारखे असावे, आणि खालच्या भागात वरच्या ओठाचा वाटा एक तृतीयांश असावा, असा ठोकताळा आहे. अडचण अशी की कातडी दबते, आणि रुग्ण माप देताना नकळत ओठ मिटून घेतो. विश्रामबागेतून आलेल्या एका मुलीचे माप मी असेच घेतले आणि प्रमाण जवळपास अचूक भरले. नंतर तिच्या हनुवटीकडे नीट पाहिले, तर तेथील कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. ओठ सैल सोडायला सांगितल्यावर दोन ओठांत सात मिलिमीटरची फट पडली. एरवी ती शून्य ते तीन मिलिमीटर असते. दोष वरच्या जबड्याच्या उंचीत होता, त्यामुळे हनुवटीत फिलर भरून तिचे ओठ सहज मिटले नसते.

छायाचित्रावर कोन आणि प्रमाण निवांतपणे मोजता येतात, शिवाय उपचारानंतर तुलनाही करता येते. मात्र हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेला फोटो या कामाचा नाही. त्यात नाक मोठे दिसते आणि बाजूचा चेहरा आक्रसतो. (स्थळासाठी काढलेला फोटो पुढे करून ‘असेच दिसते ना?’ असे विचारणारे पालकही भेटतात.) सुमारे दीड मीटर अंतर, शंभर मिलिमीटरच्या आसपासची लेन्स आणि समोरच्या आरशात स्वतःच्याच डोळ्यांत पाहणारी नजर, एवढे सांभाळले तरच फोटोवर भिस्त ठेवावी, कारण मान थोडी वर झाली की मागे गेलेली हनुवटीही ठीक दिसू लागते.

हाड मात्र या दोन्हींत दिसत नाही. ते सेफॅलोग्राममध्ये, म्हणजे डोक्याच्या बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रात, दिसते. ही पद्धत 1931 साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे मांडली. चेहऱ्याच्या हाडांच्या पुढच्या उंचीपैकी साधारण 55 टक्के उंची खालच्या भागाची असते, आणि ती त्यावर मोजता येते. प्रतिमा किंचित मोठी येते, म्हणून फिल्मवर मापाची पट्टी आहे का ते पाहावे. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंतच्या, रिकेट्स या दंतवैद्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेषेच्या मागे वरचा ओठ चार आणि खालचा दोन मिलिमीटर असावा, हा नियम गोऱ्या अमेरिकनांच्या चेहऱ्यांवरून आला आहे. आपल्याकडचे ओठ पुष्कळदा याहून भरीव असतात, त्यामुळे केवळ ओठ या रेषेच्या मागे नेण्यासाठी दात काढायला मी राजी होत नाही.

फक्त फिलर घ्यायचे असेल, तर नीट काढलेले फोटो आणि सैल ओठांनी घेतलेले कॅलिपरचे माप पुरे. हाडाला हात लावायचा असेल, मग ती हनुवटी पुढे सरकवण्याची छोटी जिनिओप्लास्टी का असेना, तर सेफॅलोग्रामशिवाय निर्णय घेऊ नये. चेहरा एका बाजूला झुकलेला असेल, तर बाजूच्या चित्रात दोन्ही बाजू एकमेकींवर पडून फरक झाकला जातो. तेथे सीबीसीटीचा, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय क्ष-किरण स्कॅनचा, जास्त किरणोत्सर्गही पत्करावा लागतो. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा जबडा वाढतच असतो, म्हणून सहा महिने ते वर्षाच्या अंतराने काढलेले दोन सेफॅलोग्राम एकमेकांवर ठेवून वाढ थांबल्याची खात्री झाल्याखेरीज शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये.