रोटरी हॅमर: वायरवालं की बॅटरीवालं?

दिवसभर स्लॅबला भोकं पाडायची असतील तर फार विचार करू नका, वायरवालं घ्या. एसडीएस-प्लस चक (खाचांचा बिट नुसता ढकलला की अडकतो ते तोंड) आणि ८०० वॅटच्या आसपासची मोटर असली की आरसीसीत १० मिमीचं भोक विनातक्रार पडतं. मशीन अडखळायला लागलं, मागच्या जाळीतून ठिणग्या जास्त दिसायला लागल्या, की आधी कार्बन (मोटरला वीज पोचवणारे, घासून झिजणारे ब्रश) बघायचे. झिजलेली जोडी बदलणं स्वस्तातलं काम, आणि कार्बन नागपुरात इतवारीच्या बाजारात मिळून जातात. (जुनी जोडी खिशात घालून जा, माप तोंडी सांगून जमत नाही.)

बॅटरीवाल्याची मजा शिडीवर कळते. फॉल्स सीलिंग, एसीचे ब्रॅकेट, मीटर न लागलेली नवी साइट: बोर्ड शोधत फिरायला नको. ब्रशलेस मोटर असेल तर कार्बनची कटकटही नाही. पण आपला नागपूरचा मे महिना! पारा ४५ ला टेकला की टिनाच्या शेडमध्ये बॅटरीचा पॅक नुसता पडूनही तापतो. तापलेला पॅक लावला की चांगला चार्जर तो थंड होईपर्यंत चार्जिंगच सुरू करत नाही, म्हणून दोन बॅटऱ्या हव्यातच. भाव विचारताना त्या धरूनच विचारा; नुसत्या बॉडीची किंमत ऐकून हुरळू नका.

आणि ‘२० व्होल्ट मॅक्स’साठी कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. १८ व्होल्टच्या पॅकमध्येही तेच पाच सेल ओळीने जोडलेले असतात. २० हा फुल चार्जचा आकडा.

प्लंबरने वायरवालं, सीलिंगवाल्याने बॅटरीवालं. बिल मात्र दोघांनीही पक्कं घ्यावं, सिरीयल नंबरासकट.