भिंतीवर कोणता पाळणा लावावा?

लहानपणच्या जत्रेची आठवण म्हणून घरात एखादा मोठा फोटो लावायचा ठरलं, की निवड बहुधा दोघांत अडते. एक रात्रीचा, रंगीत. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर ३-४ सेकंद उघडं, म्हणून आकाशपाळण्याच्या दिव्यांचं अखंड चक्र उमटलेलं. दुसरा कृष्णधवल, भर दुपारचा. चार पेट्यांचा लाकडी पाळणा आणि दांडीला लोंबकळून अंगाच्या भाराने तो फिरवणारा माणूस.

रंगीत फोटो लगेच डोळ्यांत भरतो, १० फुटांवरूनही कळतो. पण शटर इतका वेळ उघडं राहिलं की हलणारी माणसं पुसली जातात. पाळण्यात कोण बसलंय ते दिसतच नाही, आणि मला तर तेच हवं असतं. शिवाय १९८९ साली मुंबईत गोराईला सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्ड या मनोरंजन उद्यानाला शाळेच्या सहलीतून गेलेल्यांना विचारा: लाँच, ऊन आणि रांग आठवते. दिव्यांचं चक्र त्यांच्या आठवणीत असेलच असं नाही.

माझा कौल कृष्णधवल फोटोला, पण एक गोष्ट बघून. कॅमेरा किती उंचीवर होता? उभ्याने काढलेला फोटो जत्रेची नोंद होतो. गुडघे टेकून काढलेल्यात मोठ्यांची धोतरं, लुगडी, पिशव्या समोर येतात आणि पाळण्याचा वरचा भाग चौकटीबाहेर जातो. आपण तसंच तर बघायचो, मान वर करून, बाबांचं बोट धरून! ज्यांची जत्रा मात्र म्हातारीच्या केसांच्या गुलाबी रंगातच साठलीय, त्यांनी खुशाल रंगीत घ्यावा.

छपाईचं थोडक्यात. रात्रीचा काळा रंग चकचकीत कागदावर खोल उतरतो, पण समोर खिडकी असेल तर फोटोत खिडकीच दिसत राहते. कृष्णधवलला मॅट सुती कागद शोभतो. मुंबई-कोकणात ओल धरणारी भिंत टाळा आणि काच प्रिंटला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्या, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो.

आणि खिळा नेहमीपेक्षा फूटभर खाली ठोका. घरात चार वर्षांचं कुणी असेल, तर पेटीत कोण बसलंय ते त्यालाही दिसायला हवं.