अ‍ॅफिलिएट की अ‍ॅडसेन्स?

मराठीत पाककृती लिहून थोडे पैसे मिळवायचे, तर दोन वाटा समोर असतात.

गूगलचं अ‍ॅडसेन्स २००३ पासून आहे. आपल्या साइटवर जाहिराती दाखवायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, अशी ही सेवा. एकदा साइटवर त्याचा कोड टाकला की जाहिराती आपोआप दिसतात. वाचकाने काही विकत घ्यावं लागत नाही. पण १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत, आणि कमी वाचकांच्या साइटला तिथवर पोचायला महिनोन् महिने लागतात.

अ‍ॅफिलिएटचं गणित वेगळं. आपण दिलेल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली, की विक्रेता आपल्याला कमिशन देतो. समजा, पुरणपोळीच्या कृतीखाली पुरणयंत्राची लिंक दिली. यंत्र ८०० रुपयांचं आणि कमिशन ४ टक्के धरलं, तर एका विक्रीमागे ३२ रुपये. होळीच्या आधीच्या आठवड्यात, नेमकं यंत्र शोधणारे शंभर वाचक आले तरी काही विक्री होऊ शकते. अडचणीही आहेत. अ‍ॅमेझॉनच्या लिंकवर क्लिक केल्यापासून साधारण २४ तासांत वस्तू टोपलीत पडली, तरच कमिशन. स्वतःच्या खरेदीवर तर काहीच नाही. (घरच्यांना लिंक पाठवून कमिशन मिळवायचा विचार करू नका, तेही नियमात बसत नाही.)

वाचक कमी पण नेमकी वस्तू शोधत येणारे असतील, तर मी अ‍ॅफिलिएटच निवडेन. फक्त स्वतः वापरलेल्या वस्तूचीच लिंक द्यावी, आणि ‘या खरेदीतून मला कमिशन मिळतं’ हे लिंकच्या आधीच, ठळक लिहावं. बातम्या किंवा कविता लिहिणाऱ्यांकडे विकण्याजोगं काही नसतं. त्यांच्यासाठी अ‍ॅडसेन्स बरं.