आमिष आणि रिग ‘पॅकेजमध्ये’: फ्रान्सच्या तलावावर आम्ही कसे फसलो

गेल्या सप्टेंबरात मी आणि दादा इंग्लंडहून फ्रान्सला आठवडाभर कार्पच्या मासेमारीसाठी गेलो होतो. दादाची पन्नाशी होती, म्हणून सहल माझ्याकडून. निघायच्या महिनाभर आधीच मी त्याला बजावलं होतं, “तू काही म्हणजे काही घ्यायचं नाहीस. आमिष, रिग, शिसं, सगळं पॅकेजमध्ये आहे.” (रिग म्हणजे गळ आणि दोराची तयार जुळणी, शिसं म्हणजे दोराला लावायचं वजन.) दादा गेली वीस वर्षं बॉयली, म्हणजे कार्पच्या आमिषाच्या उकडलेल्या गोळ्या, स्वतः वळतो. अंडी, रवा आणि माशाची पूड मळायची, गोळ्या वळायच्या, उकळत्या पाण्यातून काढायच्या, वाळत घालायच्या. त्याचा सबंध रविवार त्यात जातो. माझ्या शब्दाखातर त्याने ते सगळं बाजूला ठेवलं. आणि ज्याच्या भरवशावर मी हा शब्द दिला, त्या माणसाने आम्हाला 380 युरोंना फसवलं.

तलावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तलावाचा काहीच दोष नव्हता. त्या माणसाचं खरं नाव मला आजही माहीत नाही.

तो मला समाजमाध्यमावरच्या मासेमारीच्या एका गटात भेटला. जाहिरातीत एका भल्यामोठ्या मिरर कार्पचा फोटो होता आणि खाली शॅम्पेन भागातल्या एका खाजगी तलावाचं नाव. मी विचारलं तेव्हा त्याने आधी मलाच प्रश्न केले. किती गळ टाकणार, दादाची सवय कशी, बोटीने आमिष नेऊन टाकणार की काठावरूनच फेकणार. मग म्हणाला, तिकडे ‘प्वासाँ-शा’ नावाचे छोटे काळे कॅटफिश असतात, माशाच्या पुडीच्या मऊ गोळ्यांवर ते झुंडीने तुटून पडतात. शिवाय क्रेफिश, म्हणजे झिंग्यासारखे नांगीवाले प्राणी, रात्रभर आमिष कुरतडतात. म्हणून 20 मिलिमीटरच्या खालची गोळी वापरू नका, 24 ची आणि चांगली कडक घ्या, जोडीला टायगर नट नावाचे कंद ठेवा. मी दादाला आडून आडून हे विचारलं, तर तो म्हणाला, “अगं, अगदी बरोबर आहे. तिकडे असंच करतात.” माझी शंका तिथेच संपली. या माणसाने मासेमारीबद्दल सांगितलेली जवळपास प्रत्येक गोष्ट खरी होती, आणि मी त्याची परीक्षा फक्त तेवढ्यावरच घेतली.

खोटं त्याने तलावाबद्दल सांगितलं. “तलावाचं स्वतःचं आमिष आहे, बाहेरचं चालत नाही,” असं म्हणाला, तेही खरंच होतं. पुढे म्हणाला, “तेच आमिष मी तलावापेक्षा स्वस्तात देतो, रिगही तिथल्या नियमांप्रमाणे बांधलेले.” हे साफ खोटं. आपण तलावाचेच माणूस आहोत असं तो स्पष्टपणे कधी म्हणाला नाही. तसं तो नुसतं वाटू देत राहिला.

आरक्षण त्याने माझ्या नावाने खरोखर करून दिलं होतं. शनिवार ते शनिवार, दोघांसाठी एक जागा. तलावाकडून मला रीतसर मेल आली, पैसेही तलावाच्याच खात्यात गेले. मेल तलावाची, म्हणजे माणूसही तलावाचाच, असा मी अर्थ लावला. त्याच मेलमध्ये खाली नियमांची लिंक होती. ती मी उघडली नाही. आमिष, रिग आणि शिशाचे वेगळे 320 युरो आणि दोघांच्या परवान्याचे म्हणून 60, हे पैसे मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाच्या खात्यात मागितले. कार्ड चालत नाही म्हणाला. खातं भागीदाराचं आहे म्हणाला. सप्टेंबरात साठा संपतो, शुक्रवारपर्यंत पाठवा, असंही म्हणाला. मी गुरुवारीच पाठवले.

सामान हातात आलं ते महामार्गाच्या एका बाहेर पडायच्या फाट्याजवळ, गाड्या उभ्या करायच्या जागेत. तलाव तिथून आणखी तासभर. तलावावर गर्दी असते, म्हणून इथेच देतो, असा त्याचा निरोप होता. पाऊस पडत होता. एका तरुण मुलाने पिशव्या आमच्या डिकीत ठेवल्या आणि तो निघून गेला. दादा पिशवी उघडायला वाकला होता. “भिजेल रे, तिकडे जाऊन बघू,” असं मीच म्हटलं.

तलावावर पोचल्यावर व्यवस्थापकाने आधी आमची जाळी आणि मासा ठेवायची गादी जंतुनाशकाच्या टाकीत बुडवायला लावली. कोइ हर्पिस विषाणूची धास्ती सगळ्याच चांगल्या तलावांना असते, एक ओलं जाळं दुसऱ्या पाण्यातून आजार घेऊन येऊ शकतं. मग त्याने आमिष आणि रिग बघायला मागितले. पिशवीवर तलावाचं नाव छापलेली चिठ्ठी होती. ती बघून तो थांबला, नखाने तिचा कोपरा उचलला आणि हळूहळू सोलून काढली. खाली दुसरीच चिठ्ठी, आणि तिच्यावरची वापराची मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली.

“हे आमचं नाही,” तो म्हणाला. “या उन्हाळ्यात हे दुसऱ्यांदा होतंय.”

परवान्याचं विचारलं, तर त्याने मान हलवली. त्याचा तलाव बंदिस्त खाजगी पाणी आहे, तिथे फ्रान्सचा मासेमारी परवाना, ‘कार्त द पेश’, लागतच नाही. सार्वजनिक नद्या आणि जलाशयांवर लागतो, पण तो आपला आपण ऑनलाइन काढता येतो. आणि तिथे कार्पची रात्रीची मासेमारी फक्त ठरवून दिलेल्या पट्ट्यांतच चालते. म्हणजे ते 60 युरो निव्वळ हवेचे. मी त्याला जाहिरातीतला फोटोही दाखवला. मिरर कार्पच्या अंगावर मोजकेच मोठे खवले असतात आणि प्रत्येक माशाची मांडणी वेगळी, बोटांच्या ठशांसारखी. या माशाला शेपटीच्या बुंध्याशी एका ओळीत तीन मोठे खवले होते आणि पंखाखाली एकटा एक. व्यवस्थापकाने आपल्या वहीतले फोटो चाळले आणि म्हणाला, “हा मासा आमच्या पाण्यात नाही.”

रिगबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण पैसे गेले ते गेले, पण या रिगने मासा मेला असता. हेअर रिगमध्ये आमिष गळावर टोचत नाहीत. गळाच्या दांड्यामागून एक बारीक दोरा सोडतात आणि गोळी त्या दोऱ्यावर ओवतात, गळ मोकळाच राहतो. मासा गोळी तोंडात ओढून घेतो, शंका आली की फुंकून टाकतो, आणि तेव्हा तो मोकळा गळ वळून खालच्या ओठात रुततो. इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी ही युक्ती शोधली, 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ती सगळ्यांना कळली, आणि आज जगभर कार्प याच पद्धतीने पकडतात. तिचं सगळं गणित त्या दोऱ्याच्या लांबीवर असतं. आमच्या बारा रिगचे दोरे 15 मिलिमीटरच्या गोळीपुरते होते आणि गोळ्या 24 च्या. दादाने एक ओवून दाखवली. गोळी निसटू नये म्हणून खाली अटकाव लावायला दोरा पुरेना, आणि जबरदस्तीने ओढला तेव्हा गोळी गळाच्या वाकाला घट्ट चिकटून बसली. असा गळ वळणार कसा? म्हणजे हे रिग या आमिषासाठी नव्हतेच. कुठला तरी पडून राहिलेला माल होता.

गळ काट्याचे होते, म्हणजे टोकाजवळ उलटा काटा असलेले. तलावावर फक्त बिनकाट्याचे चालतात. प्रत्येक रिगला मीटरभर लेडकोअर होतं, म्हणजे पोटात शिशाची तार असलेला विणलेला दोर. तेही तिथे बंद. मूळ दोर तुटला तर हा जड तुकडा माशामागे फरफटत जातो आणि झाडोऱ्यात अडकला की मासा तिथेच बांधून पडतो. सगळ्यात भयंकर म्हणजे शिशाच्या क्लिपा. शिसं क्लिपमध्ये लावतात ते अडकल्यावर सुटून पडावं म्हणून. या क्लिपांवरचं रबर गोंदाने चिकटवलेलं होतं. दादाने दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, निघालं नाही. “यात मासा मरतो गं,” तो म्हणाला. त्या दिवशी त्याने तक्रारीचं एवढं एकच वाक्य उच्चारलं.

आमिषाची परीक्षा त्याने रात्री तंबूत केली. गोळी सुरीने मधोमध कापली. वरून भडक गुलाबी, गोड वासाची, आत करडी आणि मधोमध बुरशीचा पांढरा ठिपका. दुसरी पाण्याच्या मगात टाकून ठेवली. चांगली बॉयली रातभरात थोडी फुगते, बाहेरून मऊ होते, आणि सकाळी कापली तरी आतून वास येतो. आमच्या मगातलं पाणी सकाळी गुलाबी झालं होतं आणि गोळी गोटीसारखी टणक. जुना माल रंग आणि वासाच्या द्रवात बुडवून नवा केला होता, इतकंच. ‘तिकडे कडक गोळी लागते’ हे मला आधीच सांगून ठेवल्यामुळे हात लावूनही मला संशय आला नव्हता.

टायगर नटची बादलीही तशीच. हे लव्हाळ्याच्याच कुळातल्या वनस्पतीचे छोटे कंद. चोवीस तास भिजवून निदान अर्धा तास उकळल्याशिवाय ते पाण्यात टाकायचेच नाहीत, कारण अर्धवट भिजलेले कंद माशाच्या पोटात जाऊन फुगतात. नीट तयार झाले की त्यांचं पाणी चिकट, लाळेसारखं होतं. बादलीत नुसतं पाणी होतं, आणि कंद चावला तर मधे कोरडा कडकडीत गाभा. लेबलवर ‘तयार’ असं लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तलावाकडून 15 किलो बॉयली विकत घेतल्या, 120 युरोंना. दादाच्या जॅकेटच्या खिशात बिनकाट्याच्या गळांचं एक पाकीट आणि वेणीच्या दोराचं रीळ निघालं. “सवय,” म्हणाला, जणू माझीच माफी मागत होता. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात त्याने वीस सेंटिमीटरचे चार तुकडे कापले, आधी गोळी ओवली, ती गळाच्या वाकाखाली पाचेक मिलिमीटर लोंबेल अशी धरली, आणि मग दोर दांड्याला आठ वेळा गुंडाळून गळाच्या वरच्या भोकातून मागे काढला. एक रिग बांधायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. गुरुवारी पहाटे त्याच रिगवर 31 पौंडांचा मासा आला. आम्ही त्याला गादीवर ठेवून पाणी घातलं आणि सोडून दिलं. पहिले दोन दिवस मात्र फुकटच गेले, आणि दादाची पन्नाशी दर वर्षी येणार नाही.

परत आल्यावर बँकेत गेले. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2024 पासून अशा फसवणुकीत बँकांनी पैसे परत करायचा नियम आहे, पण तो दोन्ही खाती ब्रिटनमधली असली तरच लागू होतो. माझे पैसे देशाबाहेरच्या खात्यात गेले होते. हेच पैसे मी क्रेडिट कार्डाने थेट विक्रेत्याला दिले असते, तर 1974च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या 75व्या कलमाखाली कार्ड कंपनीकडे दाद मागता आली असती. ते संरक्षण शंभर पौंडांच्या वरच्या खरेदीला मिळतं. ‘कार्ड चालत नाही’ याचा अर्थ मला तेव्हा कळला. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली आहे, सोललेल्या चिठ्ठीचे फोटो जोडले आहेत. व्यवस्थापकाने एक पिशवी स्वतःकडे पुरावा म्हणून ठेवली.

तुम्ही जाणार असाल, तर मधल्या माणसाकडून आलेली कुठलीही यादी बाजूला ठेवा आणि तलावाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करा. आमिष बाहेरचं चालतं का, तलावाचंच घ्यायचं तर ते कोण विकतं आणि कुठे मिळतं, गळ काट्याचे की बिनकाट्याचे, लेडकोअर चालतं का, हे विचारा. मी हा फोन परतल्यावर करून बघितला. मला चार मिनिटं लागली. आणि सामान तलावाबाहेर कुणी देत असेल, तर भर पावसातही पिशवी उघडा, गोळी कापा, क्लिपचं रबर ओढून बघा.

या मे महिन्यात त्याच गटात नवी जाहिरात आली. माणसाचं नाव वेगळं, तलावाचं नावही वेगळं, ‘आमिष आणि रिग पॅकेजमध्ये’ हे तेच. फोटोतल्या माशाच्या शेपटीच्या बुंध्याशी एका ओळीत तीन मोठे खवले आहेत, आणि पंखाखाली एकटा एक.