कूलंट बदलताना: नुसता रेडिएटर रिकामा करायचा, ब्लॉकचा प्लग खोलायचा की पाण्याने धुवायचं?

कूलंट म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. रेडिएटरच्या तळाचा ड्रेन प्लग (निचऱ्याचं बूच) सोडला आणि धार थांबली, की काम झालं असं वाटतं. पण बहुतेक गाड्यांत तेवढ्याने निम्म्याच्या आसपासच कूलंट बाहेर येतं. बाकीचं इंजिन ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य धडात) आणि हीटरमध्ये तसंच राहतं. प्लग प्लॅस्टिकचा आणि जुना असेल तर खालचा होज पाइप काढणं बरं. निचरा जवळपास तेवढाच होतो, पण धार आवरत नाही, म्हणून खाली मोठी परात हवी.

आधीचंच कूलंट पुन्हा भरायचं असेल, निघालेलं स्वच्छ असेल आणि मुदतही फार उलटलेली नसेल, तर माझ्या मते एवढं पुरे. अशा गाडीला फ्लशिंगचे (आतून धुण्याचे) पैसे मोजायची गरज नाही.

कूलंटचा प्रकार बदलायचा असेल किंवा निघालेलं गंजकट तपकिरी असेल, तर मात्र आतलं काढावंच लागतं. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे ब्लॉकचा ड्रेन प्लग. तो खोलला की ब्लॉक खरोखर रिकामा होतो. अडचण अशी की काही इंजिनांना तो नसतोच, आणि असला तरी बऱ्याचदा एक्झॉस्टच्या मागे, वर्षानुवर्षं न हललेला. पाना घसरून त्याचं डोकं गोल झालं की साध्या कामाचं मोठं काम होतं. जुन्या गाडीत त्यावर जबरदस्ती करू नये.

मग उरतं पाणी. डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवायचं, गार होऊ द्यायचं, सोडायचं. समजा एकूण ६ लिटर बसतं आणि दर वेळी ३ लिटर निघतं. तीनदा पाणी भरून फिरवल्यावर आत जुनं आठवा हिस्सा उरतं. बोअरचं पाणी वापरू नये, आत क्षार बसतात.

इथे एक हिशेब हमखास चुकतो. शेवटचं पाणी सोडल्यावरही ३ लिटर, जवळजवळ निव्वळ पाणी, आतच असतं. वरून ३ लिटर तयार मिक्स (आधीच निम्मं पाणी घातलेलं कूलंट) ओतलं तर ५० टक्क्यांऐवजी जेमतेम २५ टक्के होतं. आपल्याकडे गोठण्याची भीती नसली तरी गंजरोधकही तेवढंच पातळ होतं. म्हणून पाण्याने धुतलं तर कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेलं कूलंट) घ्या: ३ लिटर पाण्यावर ३ लिटर. धुतल्यावर तयार मिक्स ब्लॉक पूर्ण रिकामा केला असेल तेव्हाच.

गॅरेजमधल्या मशीनने हे सगळं एका बैठकीत होतं आणि घरी सुट्टीचा दिवस जात नाही. फक्त शेवटी आतलं पाणी कसं काढणार आणि कोणतं कूलंट भरणार, हे आधी विचारा. निघालेल्या कूलंटवर तेलाचा तवंग किंवा दुधट साय दिसली, तर यातलं काहीच करू नका. तो हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांमधलं सील) किंवा ऑइल कूलरचा प्रश्न असू शकतो.

कोणताही मार्ग घेतलात तरी गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही, आणि भरल्यावर हवा काढायची, नाहीतर एअर लॉक होऊन (आत हवा अडकून) तापमानाचा काटा चढतो. जुनं कूलंट गटारात किंवा उघड्या भांड्यात ठेवू नका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला तेही घेतात का ते विचारा.