शर्यतीला जाताना: एमएक्स-५ की ऑक्टाव्हिया कॉम्बी?

रिमोटवरच्या १:१० मापाच्या टूरिंग कार पळवणाऱ्यांनी स्वतः कोणती गाडी चालवावी? मनाला विचाराल तर माझदा एमएक्स-५. १९८९ साली आलेली ही दोन सीटची गाडी. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर आणि वजन पुढे-मागे जवळपास निम्मे-निम्मे. टेबलावर मॉडेलची बॅटरी २ मिलिमीटर सरकवून, स्प्रिंग बदलून आपण जो तोल शोधत असतो, तो इथे सीटवर बसल्या बसल्या जाणवतो. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की नाक आत कसे वळते, हे एकदा अंगाने कळले की मॉडेलचे सेटिंगही वेगळ्या नजरेने दिसू लागते. मला हे फार मोलाचे वाटते.

पण चौथ्या पिढीच्या एमएक्स-५ची डिकी १३० लिटरची. १९० मिलिमीटर रुंदीचे मॉडेल त्यात सहज मावते. हत्यारांची पेटी, चार्जर, टायरचे डबे, घडीची खुर्ची हे सगळे एकदम नाही. चौथ्याच पिढीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बीत, म्हणजे लांब डिकीच्या स्टेशन वॅगनमध्ये, ६४० लिटर जागा आहे, मागची सीट पाडली तर आणखी. मॉडेलची रंगवलेली बॉडी न चेपता नेता येते, सोबत दुसरा स्पर्धकही येतो. (मॉडेलच्या लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटऱ्या मात्र दोन्हींपैकी कुठल्याच गाडीत उन्हात सोडू नका.)

दर आठवड्याला शर्यत असेल तर मी कॉम्बीच घेईन. महिन्यातून एकदाच जात असाल तर एमएक्स-५ घ्या, आणि खुर्ची मित्राच्या गाडीतून येऊ द्या.